उन्हात ठेवलेले टायर

सायकलच्या रिमवर टायर चढवायला काय लागतं, असं कुणी विचारलं की राणोजी नुसते दोन अंगठे वर करून दाखवायचा. बोलायचा नाही. बोलायला दम तरी कुठे उरायचा! गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तो सकाळपासून चाकांशी झटायचा. दुसऱ्या कारखान्यांत या कामाला यंत्र असेल, इथे राणोजीचे अंगठे होते. शेडचा मालक सेतुमाधव. त्याला सगळे मुदलाळी म्हणत, आणि राणोजीला राव. राणोजीचं घराणं तंजावरचं, घरात बोलणं मराठी, बाहेर सगळं तमिळ. शहराचं नाव बदलून चेन्नई झालं त्याला बरीच वर्षं लोटली, पण राणोजीच्या तोंडी अजून मद्रासच.

आता हे काम दिसायला सोपं. टायरची एक कड रिममध्ये बसवायची, शंखजिरं लावलेली ट्यूब जराशी फुगवून आत सारायची, मग दुसरी कड. व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करायची आणि अंगठ्यांनी दाबत दाबत दोन्हीकडून व्हॉल्व्हपाशी यायचं. तोवर सगळं सुरळीत. शेवटची वीतभर कड मात्र रुसलेल्या जावयासारखी अडून बसते. तिच्या आत तार असते, ती काही ताणत नाही. बाकीचे लोक तिथे लोखंडी लिव्हर घालून मोकळे व्हायचे. राणोजी घालायचा नाही आणि कुणाला घालूही द्यायचा नाही. लिव्हरने ट्यूब चिमटते, रिमचं पॉलिश जातं, असं तो इतकी वर्षं ओरडत आला की मुदलाळीनं अखेर तसा नियमच केला. आपल्या शेडमध्ये टायर हातानं चढतो, हे मुदलाळी गिऱ्हाइकाला सांगायचा तेव्हा बोट राणोजीकडे करायचा. तेवढंच काय ते राणोजीचं वैभव.

आणि तेच आता जायला निघालं होतं. दोन हजार सातचा मार्गळी, तमिळांचा ऐन थंडीचा महिना. मद्रासची थंडी ती काय, माणसं कानटोपी घालून उगाच कौतुक करतात. पण राणोजीच्या अंगठ्यांच्या मुळाशी ती शिरायची. चहाचा पेला धरताना कळ यायची, बसमध्ये दांडी धरवायची नाही. साठी जवळ आली होती, अंगात थकवा असा मुरला होता की रविवारी झोपूनही जायचा नाही. मात्र शेडमध्ये टायर हाती घेतला की कड गुमान चढायची. घरी काय वाटेल ते होवो, कामावर हात अजून इमानी आहेत, एवढ्या एका गोष्टीवर गडी तग धरून होता. हात गेले तर शेडमध्ये रावाला विचारतो कोण?

टायर आणून द्यायचं काम कनकाचं. चाळिशीची बाई, बोलणं मोजकं. तिला एक वाईट खोड होती. सकाळी आल्या आल्या ती काही टायर शेडमागच्या पत्र्यावर उन्हात मांडून ठेवायची आणि तापले की आणून द्यायची. राणोजीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"अगं बाई, रबर आहे ते, पापड नव्हेत! उन्हानं रबर चिरतं. कितीदा सांगू?"

"सरि, राव," म्हणजे बरं, असं ती म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी!

शेवटी राणोजी मुदलाळीकडे गेला. म्हणाला, "या बाईला माझ्या बाकापासून लांब ठेवा. रबर चिरून गिऱ्हाइकांच्या बोंबा आल्या तर नाव माझं जाईल." मुदलाळीनं कनकाला पलीकडे स्पोक ओवायला बसवलं. टायर गठ्ठ्यातून थेट बाकावर यायला लागले. जाताना कनकानं राणोजीकडे एकदा बघितलं, बोलली काही नाही. बये, तेव्हा तरी तोंड उघडायचंस!

दुसऱ्या दिवशी पहिलाच टायर अडला. राणोजीनं चाक मांडीवर घेतलं, गुडघ्यात धरलं, जमिनीवर टेकवून वर सगळा भार दिला. वीतभर कड जागची हलेना. तो सोडून दुसरा घेतला. तो चढला, पण अंगठ्यातून अशी सणक गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिसरा परत अडला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाकापाशी अर्धवट चाकांचा ढीग पडला आणि राणोजीचा सदरा घामानं भिजला. भर मार्गळीत!

शेजारच्या बाकावर सुब्बा होता, राणोजीनंच शिकवून तयार केलेला. राणोजीनं एक चाक त्याच्यापुढे टाकलं.

"गठ्ठाच खराब आलाय. बघ, चढतो का!"

सुब्बानं कड रिमच्या मधल्या खोलगट भागात सारली, अंगठे टेकवले आणि दाबलं. टायर बसला.

"चांगला आहे की, राव."

"मग रोज कसा मला त्रास होत नाही?"

सुब्बानं मान खाली घातली. चाक उगाचच फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "रोज तुमचेच टायर उन्हात असायचे, राव. तापले की जरा सैलावतात. आमचे गठ्ठ्यातूनच यायचे. घट्ट असतील ते कनका चाचपून आमच्याकडे टाकायची. रावांना सांगाल तर बघा, म्हणाली होती."

राणोजीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे हात कधीच गेले होते. इमानी होती ती ही बाई, आणि तिला त्यानं चारचौघांत वाटेल तसं बोलून हाकलून लावलं होतं. लाज वाटली, राग आला, आणि सगळ्याच्या खाली एक विचित्र सुटकेची भावना होती. आता ओढून ताणून उभं राहायचं कारण उरलं नव्हतं.

तो उठला आणि कनकापुढे जाऊन उभा राहिला. ती स्पोक ओवत होती.

"कधीपासून चाललंय हे?"

"एकदा तुमचा हात लिव्हरकडे गेला होता, राव. कुणी बघतंय का म्हणून तुम्ही मागे वळून पाहिलंत, आणि हात परत घेतलात. मी दाराआड होते. तेव्हापासून."

"आणि मी एवढा आरडाओरडा करत होतो, तेव्हा बोलायला काय झालं होतं तुला?"

"बोलले असते तर तुम्ही ते टायर घेतले असते का?"

नसते घेतले. राणोजीला ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं हात जोडले, तर ती बाई घाबरून उठूनच उभी राहिली.

तसाच तो मुदलाळीच्या खोलीत गेला. दारातूनच म्हणाला, "मुदलाळी, माझे अंगठे गेले. माझ्या बाकावर कनकाला बसवा, तिच्या हाताला टायर कळतो. मी टायर आणून देईन, ट्यूबांना शंखजिरं लावीन." बोलताना मनातून त्याला वाटत होतं, मालक म्हणेल, छे छे राव, भलतंच काय बोलता! मुदलाळीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सरि, राव," तो म्हणाला.

झालं. सगळ्या आयुष्याचा निकाल दोन शब्दांत. राणोजी संध्याकाळी घरी आला तेव्हा पाय ओढत नव्हता. सैदापेटच्या त्या दोन खोल्यांत बायको, सकवारबाई, रसम उकळत बसली होती. त्यानं डब्याची पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसला.

"माझे अंगठे गेले गं," म्हणाला. "आज सांगून आलो मुदलाळीला."

"मज ठाऊक आहे," ती रसम ढवळत म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं कुणी? डब्याचं झाकण रोज सैल लावते, ते काय मज घट्ट लावता येत नाही म्हणून? सांबार सांडतं, पिशवी पिवळी होते, तुम्ही मज वेंधळी म्हणता. म्हणा! पण झाकण निघालं नाही तर जेवणार काय माझा माणूस?"

राणोजीचे डोळे भरून आले, ते पुसायला त्यानं हात उचलला, तोही दुखला. सकवारबाईनं ताट मांडलं. भातावर रसम वाढताना तिनं विचारलं, "आता सगळ्यांना कळलंच आहे. उद्यापासून घट्ट लावू होय?"

"नको," तो म्हणाला. "सैलच लाव."