मसला आणि मसाला

भाजलेल्या धण्यांचा वास आणि उदाचा धूर एकत्र आले, की बारामतीतल्या खालाच्या ओसरीवरची ती गुरुवारची दुपार माझ्या मनात उघडते. एक गंध चुलीचा, दुसरा प्रार्थनेचा; पण मला आता एकावाचून दुसरा अपुरा वाटतो.

खाला म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. दर गुरुवारी तिच्याकडे बायकांचा मौलूद भरे. पैगंबरांच्या जन्माची कथा ती किताबीतून संथ सुरात वाची, मग सगळ्याजणी उभ्या राहून सलाम म्हणत आणि शेवटी मसले निघत. मसला म्हणजे धर्मातली शंका. आजाऱ्याने रोजा धरावा का? शेजारी उपाशी असता आपण जेवावे का? शाळेचा उंबरा न पाहिलेल्या त्या बायकांची शाळा हीच!

काटेवाडीची सरजामावशी घरोघर भाजी घाली. एकदा खालाने तिला सांगितले, "गुरुवारी दुपारी ये, मसल्याला बायका जमतात." मावशी आली ती खांद्यावर मुसळ घेऊन! "मिरच्या कुठं हायती? कुटायचा कवा?" ओसरी हसून कोसळली. मावशीही हसली आणि बसली. पुढे दर गुरुवारी ती घरच्या मसाल्याची पुडी आणी आणि शंकेला कायम मसालाच म्हणे.

त्याच सुमारास वडिलांनी माझ्यासाठी इंदापूरच्या एका प्रौढ बिजवराला शब्द दिला. मला कोणी विचारले नव्हते. निकाहाच्या वेळी मुलगी गप्प राहिली तर तो होकार धरतात, एवढे मला ठाऊक होते. ते गप्प राहणे मोडावे कसे, हे मात्र ठाऊक नव्हते. कुमारिकेने स्वतःच्या लग्नाचा मसला काढायचा? तोही मौलूदला बसलेल्या आईसमोर? दाराआड बसून मी फक्त डोळे पुशीत होते.

सरजामावशीने ते पाहिले असावे.

"खालाबी, माझा बी एक मसाला हाय. पोरगी गप बसली तर व्हय म्हनता. आन् रडली तर?"

खालाने किताब मिटली. आईची मान खाली गेली.

"मुकाट रडली तर माहेर सुटते म्हणून रडली, असे धरतात," खाला सावकाश म्हणाली. "हंबरडा फोडून रडली, तर तो नकार. मग निकाह नाही."

आणि मग, वाचका, दाराआडून मी असा गळा काढला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या! आईने त्याच संध्याकाळी ते वडिलांच्या कानी घातले. चार दिवस घरात अबोला होता. पाचव्या दिवशी इंदापूरला नकार गेला. त्यानंतरचे माझे गुरुवार खालाच्या मांडीशी, किताबीतल्या अक्षरांत गेले.

आज खालाला जाऊन चाळीस दिवस झाले, तिचा चाळिसावा. बायका जमल्या, ऊद पेटला, वाचताना किताब ठेवायच्या लाकडी रेहलावर तिची किताब तशीच मिटलेली. कोणी हात लावीना. थकलेली सरजामावशी पदराआडून पुडी काढून रेहलाशी ठेवीत म्हणाली, "आता मसाला कोन सांगनार? तू का, बाय?"

मी काय सांगणार? जिचे सारे ज्ञान उसने, आणि जिने दिले तीच गेलेली, तिने कोणत्या तोंडाने त्या जागी बसावे? डोळे वाहत होते. आवाज मात्र नव्हता.

मावशीने माझ्याकडे निरखून पाहिले, मग बायकांकडे वळली.

"मुकाट रडतीया," ती म्हणाली. "म्हंजी व्हय."

आईने रेहल माझ्यापुढे सरकवला. मी किताब उघडली. तिच्या पानापानांतून धण्यांचा वास आला.