हजेरीच्या वेळी कपाटात असलेला टॅब

“मॅडम, हिला आता घरीच ठेवायचं म्हणून राहिले हिचे पप्पा,” कावेरीच्या आईनं मला शाळेच्या गेटातच गाठलं. “रोज सकाळी गुरुजी मला बोलवायला पोरं पाठवतात. रडती, बाक बडवती. लई तरास हाय.”

मला पटेना. मी उदगीर तालुक्यात फिरती विशेष शिक्षिका आहे. आठवड्यातून एकदा दुपारी या शाळेत येते. कावेरी तिसरीत. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. कळतं सगळं, शब्द मात्र फुटत नाही. म्हणून तिच्यासाठी टॅब मिळवला होता. त्यातल्या चित्रावर बोट टेकवलं की टॅब तो शब्द बोलतो. पाणी, भूक, शू, दुखतंय अशी बारा चित्रं मी टाकली होती आणि स्वतःवर भलतीच खूश होते. माझ्यासमोर तर कावेरी हसतखेळत बटणं दाबायची.

“दोन दिवस द्या,” मी आईला म्हणाले. “उद्या सकाळीच येते.”

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडली आणि वर्गात मागं जाऊन बसले. प्रार्थना झाली. कावेरी मजेत होती. मग मुख्याध्यापकांनी हजेरी सुरू केली. दोन शिक्षकी शाळा, तिसरीचा वर्ग त्यांच्याकडेच.

“हजर सर!” कुणी ओरडून, कुणी लाजत. कावेरीची पाळी आली. सरांनी मान वर केली, तिच्याकडे बघून प्रेमानं हसले, हजेरीपटावर खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

कावेरीनं बाक बडवायला सुरुवात केली.

“सर, तिचं नाव का नाही घेतलं?”

“बोलता येत न्हाई मॅडम. सगळ्यांसमोर लेकराला कशाला अडचणीत टाकायचं?”

माणूस मनानं चांगला. त्यामुळं भांडायचीही सोय नव्हती.

“आणि टॅब कुठंय?”

“कपाटात. तुम्ही आलात की काढतो. डेडस्टॉकला चढवलाय, फुटला तर जबाब कोण देणार?”

डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंचं रजिस्टर. त्यात चढलेल्या वस्तूला शाळेत मुलांपेक्षा जास्त जपतात.

“सर, फळापण डेडस्टॉकला आहे. तो कुठं कपाटात ठेवता?”

सर आधी गोरेमोरे झाले, मग हसले आणि किल्ली काढली.

टॅब सुरू केला आणि तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्या बारा चित्रांत ‘हजर’ नव्हतंच! पोरीला तहान लागेल हे मला सुचलं, आपण वर्गात आहोत हे तिला सांगावंसं वाटेल, हे नाही सुचलं. सरांना काय बोलणार होते मी?

लगेच तेरावी चौकट केली. हात वर केलेल्या मुलीचं चित्र. आवाज तिच्याच बाकावरच्या गौरीचा भरला. गौरीचा आवाज म्हणजे शेजारच्या वर्गालाही पुरेल असा. कावेरीनं दहा वेळा ऐकला आणि दहाही वेळा हसली.

तिसऱ्या दिवशी हजेरी सुरू झाली. कावेरीचं नाव त्या वर्गात पहिल्यांदाच घेतलं गेलं. तिचं बोट निघालं, थरथरलं, चौकटीबाहेर गेलं, परत आलं. सवयीनं सरांनी पुढच्या नावासाठी तोंड उघडलं.

“थांबा की सर!” गौरी ओरडली. “ती बोलून राहिली ना!”

“हजर सर!”

टॅब गौरीच्याच आवाजात बोलला आणि पोरांनी बाकं वाजवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. सर पुढं गेले, पण कावेरी कशाची थांबते? पुढच्या चारही नावांना तिनंच “हजर सर!” ठोकलं.

“अगं, ऋषिकेश तर आलाच न्हाई आज!” सरांना हसू आवरेना.

मधल्या सुट्टीत आई गेटाबाहेर उभीच होती.

“मॅडम, आज कुणी बोलवायला आलं न्हाई. काय झालं?”

“काही नाही झालं. जा तुम्ही शेतात.”

कावेरी आता चौथीत आहे. टॅबच्या कव्हरवर चटणीचे डाग आहेत, एका कोपऱ्याला चरा गेलाय. डेडस्टॉक रजिस्टरात सरांनी त्याच्यापुढं ‘सुस्थितीत’ लिहिलंय. आणि मी नवीन मुलाचा टॅब लावताना पहिली चौकट ‘हजर’ची टाकते. पाणी दुसरं.