घोडेगावचा नसलेला खडा

वडील विहिरी खोदायचे. आमच्या आंबेगाव तालुक्यात शिनोलीपासून वरच्या डोंगरगावांपर्यंत त्यांच्या हातच्या विहिरी आहेत. सुरुंगानंतर मलब्यात चमकणारा दगड दिसला की ते आधी त्यावर गेरूने रेघा ओढायचे, जितके परस खोल तितक्या रेघा. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. घरी आले की शेताचं नाव सांगायचे आणि मी ते दगडावर लिहायचे.

"कंच्या हिरीचा ते ठाऊक न्हाई, तर नुसता धोंडा," असं त्यांचं म्हणणं. भूगर्भशास्त्र मी नंतर शिकले, तिथेही पहिला धडा हाच होता.

पुढे एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तिथल्या संग्रहालयाला कुणीतरी करडा, शिशासारखा चकाकणारा खडा भेट दिला. सोबतच्या चिठ्ठीवर खड्याचं नाव होतं, गाव नव्हतं. जॉर्डनाइट. शिसं, आर्सेनिक आणि गंधक यांचं हे दुर्मिळ खनिज. स्वित्झर्लंडच्या बिन खोऱ्यात ते डोलोमाइट नावाच्या पांढऱ्या खडकात मिळतं, बाकी जगात मोजक्याच जागी. या खड्यालाही पांढरा डोलोमाइट चिकटलेला होता.

तपासणी समिती यायची होती. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, ठिकाण घोडेगाव टाका. तुमच्याच तालुक्याचं नाव होईल."

माझं डोकंच फिरलं. आमच्या काळ्या खडकात हे सापडत नाही आणि त्याची आम्हाला लाजही नाही. आमच्या विहिरींतून काचेसारखं अपोफिलाइट निघतं, गुलाबी स्टिलबाइट निघतं. उसना मोठेपणा हवाय कुणाला?

"नाही टाकणार, सर."

"पुढच्या वर्षीचे तास मीच वाटणार आहे," ते शांतपणे म्हणाले.

मी कार्डावर 'ठिकाण माहीत नाही' असं लिहिलं आणि वर्गावर गेले.

जूनमध्ये वेळापत्रकात माझं नाव नव्हतं. कार्डही बदललेलं होतं, छापील अक्षरात घोडेगाव. फार लागलं मनाला, शिकवण्यावर माझा जीव होता. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "मंग काय, खोट्या रेघा वढायच्या व्हत्या का?"

संग्रहालय सगळ्यांना खुलं आहे. दाराशी अभिप्रायाची वही असते. मी दरवर्षी जाते, खडा बघते आणि वहीत पूर्ण नाव-गाव घालून तेच लिहिते: मी आंबेगाव तालुक्याची आहे. हा खडा तिथला नाही.