साहेब बघायला

मुलाखत देऊन आलेल्या मुलीला सगळे विचारतात, "काय काय विचारलं?" आमच्या आळीतली काकी तसं कधी विचारायची नाही. ती मुलीला ओट्यावर बसवायची, पाण्याचा तांब्या हातात द्यायची आणि तिचं पिऊन होईपर्यंत गप्प राहायची. मग स्वतःच्या पोटावर, बरगड्यांच्या जरा खाली, आडवा तळवा दाबून विचारायची, "हितं काय वाटलं?"

मुली गोंधळायच्या. टायपिंगचा वेग किती, घरी कोण कोण, याची उत्तरं पाठ करून गेलेल्या. पोटाचं उत्तर कुणी पाठ केलेलं नसायचं.

काकी सख्खी कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. बोळिंजमधली आमची आळी वाडीवाल्यांची. केळी, पानवेली, फुलझाडं. काकी खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन इथं आली आणि थोड्याच वर्षांत, पदरी एक लहान मुलगी ठेवून, नवरा गेला. बोली मात्र तिनं माहेरचीच ठेवली. पानी, कोन, मानूस. माझी आई हसून म्हणायची, "इतकी वर्षं झाली हिला, पण 'ण' काही हिच्या उंबऱ्याच्या आत आला नाही." काकी त्यावर म्हणायची, "त्याला बोलावलाय कोनी?"

ती रेल्वेच्या पलीकडे, पूर्वेला, एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. संध्याकाळी आळीत शिरली की तिच्या आधी खोकल्याच्या औषधाचा गोड वास यायचा. त्या काळात पूर्वेच्या माळावर कारखान्यांच्या शेड भराभर उठत होत्या आणि आमच्या घरांतून मॅट्रिक झालेल्या, टायपिंग शिकलेल्या मुली पहिल्यांदाच नोकरीला निघत होत्या. बरोबर कुणी जायचं, हा प्रश्न असे. बापांना ऑफिसात गेल्यावर हात कुठे ठेवायचे तेही सुचायचं नाही. भावाला नेलं तर मुलीपेक्षा तोच जास्त बोलायचा. मग काकीला न्यायचे. ती दुसरी पाळी मागून घ्यायची, जांभळ्या काठाचं ठेवणीतलं लुगडं नेसायची, नवरा नसला तरी अंबाड्यावर अबोलीचा वळेसर माळायची आणि आळीभर सांगत निघायची, "साहेब बघायला चाललेय."

"मुलगी बघायला दहा जनं येतात," ती म्हणायची. "चालून दाखव, वाचून दाखव. मंग जिथं दिसाचा दिस काढायचा तिथला मानूस कोनी बघायचा?"

एका कारखान्यात साहेब स्वतः बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या काकीला त्यांनी नम्रपणे विचारलं, "आपण मुलीच्या आई का?"

"नाय."

"मग?"

"मी बघायला आलेय."

"काय बघायला?"

"तुमाला."

ते गृहस्थ आधी लाल झाले आणि मग पोट धरून हसले. आमच्या शेजारची सुमन तिथं पुढे बरीच वर्षं होती. दर दिवाळीला ते तिला विचारायचे, "तुमच्या काकींना अजून पसंत आहे ना मी?"

बाकावर बसली तरी काकी नुसती बसत नसे. ती पहारेकऱ्याशी बोलायची. माठातलं पाणी पिऊन बघायची. बायकांसाठी संडास कुठे आहे ते विचारायची आणि जाऊन यायची. एकदा एका चकचकीत ऑफिसातून ती मुलीची मुलाखत चालू असतानाच तिला हाताला धरून घेऊन आली. आळीतल्यांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "भितीला आरसा हाय, टेबलावर फुलं हायत, आन बाईमानसाला लघवीला जागा नाय. तिथं पोरगी दिवसभर काय फुलांकडं बघत बसंल?"

हे सगळं ती हसवत सांगायची. त्यामुळे मला वाटायचं, हा तिचा छंद आहे. एका दुपारी तिच्या पडवीत बसून आम्ही दोघी गजरे ओवत होतो, तेव्हा तिनं मला तिच्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांत एकदाच सांगितली.

नवरा गेल्यावर तिला एका शेठनं कामावर घेतलं होतं. भेटायला गेली तेव्हा शेठ फार गोड बोलला. बहीण म्हणाला. बोलता बोलता एक म्हातारा कामगार काही विचारायला आला, तर शेठनं त्याच्याकडे न बघताच, माशी हाकलावी तसा हात हलवला आणि पुन्हा हिच्याशी गोड बोलू लागला.

"माज्या पोटात तवाच कळ आली," काकी म्हणाली. "सकाळपासनं खाल्लेलं नव्हतं. मला वाटलं, भूक हाय."

पुढे एका पाळीत निरोप आला की तिच्या लहान मुलीला ताप चढलाय, पोर डोळे फिरवतेय. काकी फाटकाकडे धावली. फाटकाला कुलूप होतं. पाळी सुटल्याशिवाय ते उघडत नसे. ती शेठच्या पाया पडली. शेठ तेव्हाही गोडच बोलला. म्हणाला, "बहीण, एकीला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल." पाळी संपल्यावर ती घरी पोचली. पोर जगली, पण तिचा एक कान कायमचा गेला.

काकीनं दोऱ्याला गाठ मारली. "भूक नव्हती ती," म्हणाली, आणि पुढचं फूल घेतलं.

माझी पाळी आली तेव्हा संपामुळे गिरण्या बंद होत्या. माझा दादा गिरणीत होता, तो घरी बसलेला. बाबांच्या पानवेलींना रोग लागला होता. घरात सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे, आणि मला बोलावणं आलं ते एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसातून. आईनं हातावर साखर ठेवली.

काकी बरोबर होतीच. तिनं बाहेर बसून सगळं बघितलं. पाणी थंड, संडास स्वच्छ, मुली हसत जाताहेत-येताहेत. पहारेकरीसुद्धा चांगलं बोलला. आतले साहेब मला बघून उभे राहिले. "बसा," म्हणाले. माझ्यासाठी चहा मागवला. माझं टायपिंग त्यांना आवडलं. "तुमच्यासारख्या घरच्या मुलीच आम्हाला हव्यात," म्हणाले.

मी विचारलं, "आधी इथं कोण होतं?"

"आहे ना अजून," ते हसून म्हणाले. "महिनाअखेर जाईल. डोकं नाही हो तिला. नुसते हात आहेत." माझ्या मागे कोपऱ्यात टाइपरायटर चालू होता, तो थांबला. मी वळून बघितलं. माझ्याच वयाची एक मुलगी मशीनवर बोटं ठेवून खाली बघत होती. मग पुन्हा टकटक सुरू झाली. साहेबांनी बशी माझ्याकडे सरकवली. "बिस्किट घ्या."

उद्या कळवते, असं सांगून मी बाहेर आले. काकी खुशीत होती. "मानूस चांगला दिसतोय," वाटेत म्हणाली. "अशी जागा मी अजून बघितली नव्हती."

घरी आल्यावर आमच्याच ओट्यावर, आईच्या देखत, काकीनं तिच्या सवयीप्रमाणे तळवा पोटावर दाबला. "हितं काय वाटलं?"

"चांगलं वाटलं," मी म्हणाले.

"हे तोंड बोललं."

मग मला राहवलं नाही. मी त्या मुलीचं सांगितलं. सांगताना मलाच ते फार लहान वाटू लागलं. एवढ्याशावरून कुणी नोकरी सोडतं का? आई तेच म्हणाली. "तिला बोलले, तुला तर नाही ना बोलले? दादा घरी बसलाय, बाबांचं तुला दिसतंय. आणि काकी, तूच म्हणालीस ना, माणूस चांगला आहे?"

"म्हनाले."

"मग सांग की हिला!"

आळीतल्या मुलींसाठी डझनभर ऑफिसं पारखलेली बाई काकी. तिचा शब्द कुणी मोडत नसे. ती आईला म्हणाली, "वयनी, मी भायेर व्हते. ही आत व्हती."

"म्हणजे?"

"म्हंजे हिचं खरं. माजं नाय."

आई उठून आत गेली. जाताना बोलली, "परक्याच्या पोरीच्या पोटावर पाय द्यायला तुला काय जातंय?" काकीला ते लागलं असणार. पण ती तिथंच बसून राहिली, आणि मी दुसऱ्या दिवशी नकार कळवायला निघाले तेव्हा माझ्याबरोबर चालत आली.

पुढचा पावसाळा आमच्या घरी कठीण गेला. आई काकीशी बोलत नव्हती. दोन्ही घरांत एक विहीर. काकी पाण्याला आली की आई घागर तशीच टाकून परत यायची. काकी आमची घागर भरून काठावर ठेवायची आणि जायची. मी रात्री पडल्या पडल्या त्या साहेबांचं हसणं आठवायचे आणि मला वाटायचं, चुकलंच आपलं. काकीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "चुकलं असंल. पन तुजं तू चुकलीस. दुसऱ्याचं ऐकून चुकन्यापरीस बरं."

गणपती झाल्यावर आगाशीच्या रस्त्याला एका कारखान्यात टायपिंग आणि फोनसाठी माणूस हवंय असं कळलं. पंप आणि मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त व्हायची तिथं. आम्ही गेलो. बाकच नव्हता. काकी एका उलट्या पिंपावर बसली. मालक ग्रीसनं भरलेल्या शर्टात, मान वर न करता म्हणाले, "घ्या, लिहा." आणि घडाघडा पत्र सांगू लागले. माझं निम्मं सुटलं. मी घाबरत तसं सांगितलं.

"माझं चुकलं. भरभर बोललो," ते म्हणाले. मान तरीही खालीच. "परत घ्या."

मधेच एक फिटर येऊन त्यांच्यावर ओरडला, "मी सांगत होतो, हा वॉशर चालायचा नाही!" मालकांनी वॉशर हातात घेऊन बघितला. "नाही चालत. तू म्हणतोस तो लाव." आणि पुन्हा पत्र.

बाहेर आले तर काकीचा चेहरा आंबट. "ही काय बोलायची रीत? आन संडास तर नायच! पोरी, हितं नको."

मी उभी राहिले. हसू येत होतं मला, कारण सकाळपासून पोटात असलेला गोळा कधी विरघळला ते कळलंच नव्हतं. "काकी, तू बाहेर होतीस," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की ते बघणं मी जन्मात विसरणार नाही. आंबट चेहरा हळूहळू सैल झाला आणि तिचे सगळे पान खाल्लेले दात दिसू लागले. "जा मंग," म्हणाली. "पन संडासाचं विचार."

मी परत आत जाऊन विचारलं. मालक पहिल्यांदाच वर बघून खेकसले, "आजवर इथं बाई कामाला आलीय कुठे?" मग थोडं थांबून म्हणाले, "कुठे बांधायचा, जागा दाखवा." मी कामावर रुजू झाले त्या दिवशी मागच्या भिंतीला पत्र्याचं छप्पर आणि आतून कडी असलेलं नवं दार होतं.

तिथं मी माझी सगळी नोकरी काढली. मालक शेवटपर्यंत खेकसत राहिले आणि आपलं चुकलं की शेवटपर्यंत सगळ्यांदेखत कबूल करत राहिले. काकी त्यांना "फाटक्या तोंडाचा" म्हणायची. आईनं त्या दिवाळीला फराळाचं ताट स्वतः काकीकडे नेलं. दोघी बराच वेळ दारातच उभ्या होत्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. आणि त्या मोठ्या ऑफिसातल्या साहेबांचं काय झालं, तेही मला कधी कळलं नाही. कदाचित ते इतर सगळ्यांशी चांगलेच असतील. मला त्यांच्या हाताखाली राहायचं नव्हतं, एवढंच मला कळलं होतं, आणि तेवढ्यावर विश्वास ठेवणारी एक बाई माझ्या बाजूला उभी राहिली होती.

काकीचं काम सुटलं तेव्हा ती सफाळ्याला मुलीकडे राहायला गेली. काही वर्षांनी तिकडून निरोप आला, काकी गेली. दहाव्याला मी आणि आई गेलो. एका कानानं ऐकणाऱ्या तिच्या मुलीनं आम्हाला शेवटचं सगळं सांगितलं.

आजार वाढल्यावर काकीला एका नावाजलेल्या डॉक्टरकडे ठेवलं होतं. डॉक्टर यायचे, हिच्या डोक्यावरून मुलीशी बोलायचे आणि जायचे. तिसऱ्या भेटीला काकीनं हातातली सलाइनची सुई काढायला लावली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल, दुसरा बघू." सगळ्यांनी विनवलं. ऐकते कुठली? गावातल्याच एका लहान दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. नवीन, फारशी कुणाला माहीत नसलेली. ती आली, काकीच्या खाटेवर बसली आणि तिनं आधी काकीलाच विचारलं, "आजी, तुम्हाला काय होतंय?"

ती गेल्यावर काकी मुलीला म्हणाली, "ही पसंत हाय. हिच्या हातनं मेले तरी चालंल."

तशीच गेली. डॉक्टरीण रात्रभर बसून होती म्हणे.

दहाव्याला ती डॉक्टरीणही आली होती. साधी साडी, पाय दुमडून बायकांमध्ये बसलेली. निघताना तिनं मला विचारलं, "आजी तुमच्या कोण?"

आई पुढे झाली. जिनं एक पावसाळाभर काकीशी बोलणं टाकलं होतं, ती माझी आई ताठ मानेनं म्हणाली, "आमच्या आळीतल्या सगळ्या मुलींना नोकऱ्या काकीनं बघून दिल्या. हिची मात्र," आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, "हिची हिला बघू दिली."