बाईंचं नाव आणि माझं पत्रक

तीर्थपुरीत मुलींना गाणं शिकवणाऱ्या आमच्या बाई तरुणपणी बोलपटांत कामं करायच्या आणि गायच्या, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. ते मी सांगितलं. बाजाराच्या दिवशी चारशे पत्रकं वाटून सांगितलं. मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. बाई सत्तरीला आलेल्या. कापड दुकानामागे बहिणीचं घर होतं, त्यातल्या पुढच्या खोलीत त्या राहायच्या. शाळा सुटली की पंधरा-सोळा मुली तिथं जमायच्या. भूपाळ्या, अभंग, शाळेची प्रार्थना. गाताना कोणी मान वळवली की बाईंची पेटी थांबायची. "सांडला बघ आवाज. उचल आता." आम्ही बाहेर पडलो की मान ताठ करून एकमेकींना चिडवायचो, बाईंच्या मानेत सळई आहे म्हणायचो.

मी पाचवीपासून त्यांच्यापुढं बसले. नंतर जालन्याला कॉलेजात गेले, बायकांच्या एका संघटनेत शिरले आणि पत्रकं लिहायला शिकले. पहिलं वाक्य थोबाडीत बसलं पाहिजे, नाव ठळक पाहिजे, शेवटी मागणी पाहिजे. मला ते जमायचं. अजूनही जमतं.

जालन्यातल्या एका हॉटेलवाल्याला जुन्या तबकड्यांचा नाद होता. एकदा तिथं चहा घेताना एक गाणं लागलं आणि मी कप तसाच ठेवून उठले. ओळ संपायच्या आधी एक बारीक श्वास, मग शेवटचा सूर सरळ, कुठंही न डुलता. तो श्वास मी सहा वर्षं समोर बसून ऐकला होता. तबकडीवरच्या कागदावर बाईंचं नाव नव्हतं. त्यांनी केलेल्या पात्राचं नाव होतं. मी हॉटेलवाल्याकडून ती मागून घेतली आणि एसटीत मांडीवर धरून गावाला आणली.

बाईंनी पदरानं तिच्यावरची धूळ पुसली. म्हणाल्या, "दार लोटून घे."

मग सांगितलं. तेव्हा गाणं आधी वेगळं घेत नव्हते. काम करता करताच गायचं. माईक डोक्यावर काठीला टांगलेला, पेटीवाला झुडपामागं दडलेला, तबलजी खड्ड्यात बसलेला. मान वळवली की आवाज गेला आणि सगळं पहिल्यापासून. "एकदा नदीवर बारा वेळा गायले. दर वेळी शेवटाला एक टिटवी ओरडायची. शेवटी कंपनीचे मालक म्हणाले, तिलाच घ्या कामाला." पुढे गाणं वेगळं भरायची सोय आली. "आधी तोंड माझं राह्यलं, आवाज दुसरीचा. मंग आवाज माझा, तोंड दुसरीचं. मंग दोन्ही घरी आले."

"आणि हे नाव?" मी तबकडीवर बोट ठेवलं. "गायल्या तुम्ही, अन् छापलं पात्राचं?"

"पात्र कंपनीचं असतं, बाळा. मी निघून गेले तरी ते कुठं जात न्हाई."

त्या हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंनी तबकडी टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. "हे इथल्या इथं राहू दे," म्हणाल्या. मी हो म्हटलं. एसटीत बसेपर्यंत पहिलं वाक्य तयार होतं.

"गाणारीचं नाव कोणी गिळलं?" असा मथळा. सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल मीच कापली. बाईंचं नाव तीनदा घातलं, खाली जाड रेघ मारली. मागणी अशी, की प्रत्येक तबकडीवर गाणारीचं नाव आलं पाहिजे. मला वाटलं, गाव पेटून उठेल.

गावानं त्यातला एकच शब्द वाचला. सिनेमा.

दुसऱ्या दिवशी चार मुली कमी आल्या. आठवड्यात दोनच उरल्या, मग त्याही बंद झाल्या. शाळेनं प्रार्थनेला बोलवायचं थांबवलं. बाईंना कोणी वाईट बोललं नाही, उलट सगळे फार गोड बोलले. एका मुलीची आई मला म्हणाली, "बाईंबद्दल आमचं काहीच न्हाई, ताई. पण पोरीचं जमवून राह्यलोत आम्ही. पाव्हणे विचारतेत, कुठं शिकली गाणं?"

मी पेटले. त्याच घरांविरुद्ध दुसरं पत्रक लिहिलं आणि बाईंना दाखवायला गेले. खोलीत सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर कोणी नव्हतं. बाई तरीही पेटीजवळ बसल्या होत्या, वेळेवर.

"वाच," म्हणाल्या.

मी वाचलं.

"चांगलं लिहितीस. माझं नाव किती वेळा आलं?"

"पाच."

"कंपनीनं मला न विचारता वगळलं. तू मला न विचारता घातलंस." आवाज चढला नव्हता. "चाळीस वर्षांनी मला समोर बसून ऐकणारं कोणी मिळालं होतं. पोरी होत्या माझ्या. आता पत्रक नको. पोरी आण."

मी घरोघर गेले. हातात कागद नसला की मला बोलता येत नाही, हे तेव्हा कळलं. नऊ दारांतून चहा पिऊन परत आले. दहावं दार शिंप्याचं. त्यांच्या घरी उर्दू बोलायचे. त्या मुलीची आई मशीन न थांबवता म्हणाली, "गाणं बराबर शिकवतात ना? मंग बाकीचं आपल्याला काय करायचंय?"

ती एक मुलगी आली. बाईंनी तिला शेवटपर्यंत शिकवलं. सोळा जणींच्या सतरंजीवर ती एकटी मधोमध बसायची, मान ताठ. बाकीच्या कधीच परतल्या नाहीत. हे मी केलं. बुरसटलेल्या गावानं केलं असं लिहिणं मला सोपं आहे, आणि ते खोटंही नाही. पण काडी माझी होती.

बाई जाऊन तीन वर्षं झाली. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी त्यांना विचारलं होतं, तुमच्यावर लिहू का. त्या म्हणाल्या, "गाण्याचं लिही. टिटवीचं लिही. नाव टाकू नको."

मला हे पटलेलं नाही. आजही नाही. त्या तबकडीवर त्यांचं नाव हवं होतं असंच मी म्हणते, आणि जाहीर सभेतही म्हणेन. पण या वेळी मी विचारलं होतं, आणि त्यांनी उत्तर दिलं होतं.