मी शोधलेली गुठळी

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी नुकताच डॉक्टर झालो होतो. डोक्यात पुस्तकं ठासून भरलेली, आणि दवाखान्यात येणारी माणसं मात्र खोकला, जुलाब नि विंचू यांच्या पलीकडं काही आणायला तयार नाहीत. माझी विद्या गंजत चालली होती.

अशात एके दिवशी विशीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. उजव्या बरगडीत दुखतंय, खोल श्वास घेतला की कळ येते, म्हणाली. मी खुर्चीत सरसावलो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात अडकते, श्वासागणिक कळ येते आणि वेळीच ओळखलं नाही तर माणूस हातचा जातो, हे आमच्या सरांनी तासभर रंगवून सांगितलं होतं. नाडी धरली. मिनिटाला एकशे सोळा. झालं, मला गुठळी सापडली. मी सोलापूरच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी लिहायला घेतली.

वडील शेतमजूर. ते हळूच म्हणाले, “साहेब, उद्या न्हेलं तर न्हाय का चालायचं?”

मुलीला बेंबळीच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमणूक मिळाली होती. त्याच दिवशी पाचच्या आत रुजू व्हायचं, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जायची. मी ऐटीत सांगितलं, गुठळी उद्यापर्यंत थांबेल याची हमी मी देत नाही. मुलीनं नेमणुकीचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. रडली असती तर बरं झालं असतं.

चिठ्ठीवर मोठ्या डॉक्टरांची सही लागायची. ते हैदराबादला शिकलेले, निजामाच्या काळातले. त्यांनी चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली आणि मुलीशी गप्पा मारल्यासारखं विचारू लागले. खोकल्यातून रक्त पडलं का? एखादा पाय सुजला, दुखला? इतक्यात ऑपरेशन, अंथरुणाला खिळणं? असलं काही पूर्वी कधी झालं होतं? सगळ्याला नाही. नर्सबाईंनी पडद्याआड नेऊन बाळंतपणाचं नि पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं विचारलं; तेही नाही. डॉक्टरांनी तिची जीभ, नखं पाहिली, दोन्ही पोटऱ्या पाहिल्या, श्वास मोजले. मग माझ्याकडं वळले.

“मियाँ, नाडी परत मोजा. माझ्यासमोर.”

मी मोजली. एकशे अठरा.

त्यांनी तिचा दुसरा हात धरला होता. “इकडं अठ्ठ्याहत्तर. एका पोरीला दोन नाड्या?” मग माझ्या बोटांकडं पाहून म्हणाले, “अंगठा काढा. अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते. ही तुमची पळतीय.”

नर्सबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

डॉक्टरांनी बरगडीवर एके ठिकाणी दाबलं, तशी ती कळवळली. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. चार दिवस ती एकटी दोर ओढत होती. ती दोघं निघताना मी डॉक्टरांना विचारलं, दाबल्यावर दुखलं म्हणजे गुठळी नाहीच का? “तेवढ्यावर नाही,” ते म्हणाले. “पण बाकी सगळं नाही म्हणतंय, तेव्हा तिला सोलापूरला फरपटू नका. धाप लागली, रक्त पडलं, पाय सुजला तर मात्र लगेच आणायचं. आणि शंका तुमचीच आहे ना? मग तुम्हीच सोबत जा.”

बेंबळीला लसीकरण होतंच. लसीची पेटी घेऊन मी त्यांच्याबरोबर एस.टी.त बसलो. वाटभर तिचे श्वास मोजत होतो. तिचे वडील मला मोजत होते. गाव दोन मैलांवर असताना टायर बसला. साडेचार वाजले होते. तिनं पदर खोचला आणि चालू लागली. मी मागून हाका मारतोय, हळू, हळू, दम लागतोय का? ती वळूनसुद्धा बघेना.

हेडमास्तर हजेरीचं पुस्तक कपाटात ठेवत होते. तिनं ते मागून घेतलं, उभ्यानंच सही केली, खाली वेळ घातली. मग खुर्ची ओढून माझ्यापुढं सरकवली.

“डॉक्टर, तुम्ही बसा. तुम्हाला धाप लागलीय.”