उंडीखालची जागा

बाजारात आमची जुनी दुमजली इमारत आहे, खाली गाळे, वर लॉज. भारनियमनाच्या त्या वर्षांत तिथे दिवसभर जनरेटर धडधडायचा आणि पाहुणे धुराने नाक धरून जिना चढायचे. माझा मुलगा पुण्याहून परतला तो एकच ध्यास घेऊन. वर्षाकाठी इमारतीला लागेल तेवढी वीज तिच्याच छपरावर झाली पाहिजे. पिवळे दिवे गेले, जड पंखे गेले, गिझर गेले. कौलांवर सोलारची पॅनेलं चढली. मला कौतुकच वाटायचं हो, खोटं कशाला सांगू.

पण दक्षिणेला आमच्याच हद्दीत उंडीचं झाड होतं, छपराच्याही वर गेलेलं. त्याची सावली पॅनेलांवर पडायची. मुलगा म्हणाला, "आये, उंडी रवली तर ह्या सगळा फुकट."

उंडीखाली एक मासेवाली बसायची. माझ्याच वयाची. तिच्या आधी तिची सासू तिथेच बसायची.

मोठं झाड तोडायचं तर आमच्याकडे आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. मीच हट्ट धरला, नाहीतर मुलगा सरळ करवत लावणार होता. नारळ ठेवला. गावच्या घाड्याने, म्हणजे गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्याने, देवाला सांगितलं, झाडावर जो कोणी राहत असेल त्याला विनवलं, की बाबा रागावू नको, दुसरीकडे सुखाने राहा. जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मासेवालीही हात जोडून उभी होती. तिनेही म्हटलं. झाडावरच्या न दिसणाऱ्याची परवानगी घेतली आम्ही. खाली बसणारीला विचारावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

उंडी गेली आणि आमची दक्षिणेची भिंत तापायला लागली. मुलाने लगेच तिला पांढरा रंग दिला, वर भिंतीपुरती पत्र्याची झापही बसवली. मासेवाली मात्र डोक्यावर ओला पंचा घेऊन उन्हातच. मासळी सकाळीच मऊ पडायची. गिऱ्हाईक बोटाने दाबून बघायचं आणि पुढे जायचं.

मी म्हटलं, "आमच्या पडवेत येवन बस गो."

"नको गो वयनी. पावणे तुझे आधी जनरेटराक नाक धरीत, आता माका धरतले." म्हणाली आणि हसली. मला काही हसता आलं नाही.

पुढे ती लांबच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, बसायला गेली. तिथे पिंपळ आहे, पण माणसं कमी. मी मुद्दाम तिथवर चालत जाते. ती मला ताजे बांगडे निवडून देते, वर दोन जास्तीचे टाकते. नको म्हटलं तर ऐकत नाही.

"व्हर गो," पिशवी माझ्या हातात देत म्हणते, "घराक पावणे आसत तुझ्या."